जुन्या डीव्हीडींची संगणकावरील प्रत

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली आणि पुढे भारतीय घरांत ती दोन वाटांनी शिरली. एक वाट विकतच्या चित्रपटांची होती आणि मोझर बेअर कंपनीने अवघ्या ३४ रुपयांत चित्रपट विकायला काढल्यावर ती चांगलीच रुंदावली. दुसरी वाट लग्नमुंजीचे चित्रण तबकडीवर उतरवून देणाऱ्या व्हिडिओवाल्याची. या दोन तबकड्या दिसायला सारख्या असल्या तरी घडणीत वेगळ्या असतात. कारखान्यात छापलेल्या तबकडीत माहितीचे सूक्ष्म खळगे प्लास्टिकवर ठशाने उमटवून त्यांवर धातूचा चकचकीत थर दिलेला असतो, तर संगणकावर लिहिलेल्या तबकडीत लेझरने सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर खुणा पाडलेल्या असतात आणि उष्णता, ओल व प्रकाश यांमुळे हा थर हळूहळू निकामी होत जातो. चित्रपट पुन्हा कोठेतरी मिळू शकतो, लग्नाची तबकडी मात्र बहुधा एकुलती एक असते. तेव्हा प्रती काढताना पहिला मान तिचा.

तबकडीवरील मजकूर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवणे म्हणजे रिपिंग. संपूर्ण तबकडीची एकच फाइल करता येते, तिला आयएसओ म्हणतात. तिच्यात मेन्यू, प्रकरणे, उपशीर्षके असे सारे काही शाबूत राहते. तबकडीवर ओरखडे असतील तर साधी कॉपी मध्येच अडकते; अशा वेळी डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्राम उपयोगी पडतो, कारण तो न वाचता येणारा भाग ओलांडून आधी चांगला भाग पदरात पाडून घेतो आणि मग बिघडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. विकतच्या अनेक चित्रपटांवर सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप असते. ४० बिटांच्या किल्लीचे हे कुलूप १९९९ मध्येच फुटले आणि त्या प्रकरणात खटला भरला गेलेला नॉर्वेचा तरुण जॉन लेक योहान्सेन २००३ मध्ये निर्दोष सुटला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. घरच्या लग्नाच्या तबकडीला सहसा कुलूपच नसते.

खरी गफलत होते ती यापुढे, आकार लहान करण्याच्या पायरीवर. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत दर सेकंदाला ७२० गुणिले ५७६ बिंदूंची २५ चित्रे असतात. ती कोणतीही काटछाट न करता साठवली तर तासाभराचे चित्रण ५० जीबीच्या पुढे जाईल. म्हणून डीव्हीडीवरील चित्रण मुळातच एमपेग-२ पद्धतीने आवळलेले असते, म्हणजे ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत केवळ झालेले बदल नोंदलेले असतात. एच.२६४ ही नंतरची पद्धत हेच काम अधिक काटकसरीने करते, परंतु दुसऱ्यांदा आवळताना गेलेला तपशील परत आणता येत नाही. मंगलाष्टके संपून अक्षतांचा वर्षाव होतो, तेव्हा शेकडो बारीक ठिपके एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडत असतात. फाइलचा आकार आधीच बांधून दिला असेल तर नेमक्या याच क्षणी चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. त्यामुळे हँडब्रेकसारख्या प्रोग्राममध्ये आकाराऐवजी दर्जा ठरवावा. तेथील दर्जाचा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले; तो २० च्या आसपास ठेवणे पुरते. टेपवरून आलेल्या चित्रणात प्रत्येक चित्र सम आणि विषम रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेले असल्याने हलणाऱ्या माणसांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. त्यासाठी डीइंटरलेसची सोय चालू करावी लागते.

चित्रपट ७०० एमबीच्या सीडीत कोंबण्याच्या काळातला आकाराचा धसका आता अनाठायी आहे. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर ४.७ जीबीच्या दोनशेहून अधिक तबकड्या न आवळता मावतात. म्हणून जतनासाठी मूळ आयएसओ ठेवावी, मोबाइलवर नातलगांना पाठवण्यासाठी हवी तर वेगळी लहान फाइल करावी आणि आयएसओची दुसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी असावी. प्रत झाली की ती चालवून पाहावी आणि विशेषतः शेवट तपासावा. एकपदरी तबकडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, रंगद्रव्य मात्र अनेकदा बाहेरच्या कडेकडून बिघडू लागते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या तबकडीत पहिला फटका पाठवणीच्या चित्रणाला बसण्याचा संभव असतो.