तेरा लिटर ऑइलचा रस्ता

शनिवारची सकाळ. स्टुटगार्टजवळच्या रेम्स खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांचे गॅरेज उघडे आहे. आत १९८३ सालची पोर्शे ९११ एससी चार स्टँडवर उभी आहे. उजवीकडची दोन्ही चाके काढून भिंतीला टेकवली आहेत. फरशीवर जाड प्लास्टिक, त्यावर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर पत्र्याच्या दोन मोठ्या पराती. ऑइलचा एक थेंबही गटारात किंवा मातीत जायला नको, याची काळजी पाना हातात घेण्याआधीच घेतलेली आहे.

शेजारी सत्तरी ओलांडलेले, निवृत्त टूलमेकर. त्यांची तेरा-चौदा वर्षांची नात हातमोजे चढवून तयार आहे. मी बॅटरी धरायला आले आहे आणि गरज पडली तर दुसरा पाना धरायला. गाडीला तीस वर्षे होऊन गेल्याने तिच्या नंबरप्लेटवर शेवटी ‘एच’ हे ऐतिहासिक वाहनाचे अक्षर आहे. पण त्या अक्षरामुळे दर दोन वर्षांची तपासणी टळत नाही. या खेपेच्या तपासणीत उजव्या बाजूच्या नळीखाली ऑइलचा थेंब लोंबताना दिसला, आणि एक सांधा बदलण्याऐवजी सगळा मार्गच उघडायचा असे त्यांनी ठरवले.

“आधी रस्ता समजून घे, मग नट सोडव,” ते नातीला सांगतात आणि खडू घेऊन फरशीवरच आकृती काढू लागतात.

९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची ९११ बनली १९९८ साली. अशा इंजिनात रेडिएटरचे पाणी कधीच नव्हते. पंखा हवा फेकतो, पण सिलिंडरच्या माथ्यापासून बेअरिंगपर्यंतची बरीचशी उष्णता उचलून नेते ते ऑइलच. म्हणून ते लागतेही भरपूर, या एससीला सगळे मिळून साधारण १३ लिटर. साध्या मोटारीत ऑइल इंजिनाच्या तळाच्या टाकीत पडून असते. वेगात वळण घेतले की ते एका बाजूला धावते आणि पंपाच्या तोंडी हवा येते. ९११ मध्ये तळ जवळजवळ कोरडा ठेवतात. एक पंप तळाचे ऑइल सतत उपसून मागच्या उजव्या चाकामागच्या टाकीत पाठवतो, दुसरा पंप तिथून ते दाबाने इंजिनात ढकलतो. म्हणून ही गाडी वळणावर कितीही कलली तरी बेअरिंग उपाशी राहत नाही.

खडूची रेघ आता गाडीच्या खालून पुढे सरकते. उपसलेले ऑइल टाकीत जाण्याआधी मागच्या चाकापुढच्या थर्मोस्टॅटमध्ये शिरते. थंड असेल तर तिथूनच माघारी टाकीकडे. साधारण ८५ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडतो, आणि मग ते उजव्या दाराखालच्या लांब नळीतून थेट पुढच्या चाकाजवळच्या कूलरपर्यंत जाते आणि दुसऱ्या नळीने परत येते. नात त्या रेघेवर बोट फिरवून विचारते, “म्हणजे इंजिन मागे आणि त्याचा गारवा पुढे?” आजोबा मान डोलावतात.

ड्रेन बोल्ट दोन आहेत, एक टाकीखाली, एक इंजिनाखाली. दोन्हीतून काळी धार परातीत पडू लागते. इंजिनाच्या बोल्टला लोहचुंबक आहे. त्यावर जमलेला करडा लेप ते अंगठ्यावर घेतात, दारात उन्हात जाऊन चोळून पाहतात. मऊ आहे, बोटाला काही टोचत नाही. तांबूस चमकणारे कण असते तर बेअरिंग झिजतेय असा अर्थ झाला असता आणि आजचे काम वेगळेच झाले असते. तळाची गोल झाकणपट्टी उतरते, जाळी बाहेर येते. जाळीत जुन्या पॅकिंगचा एक तुकडा अडकलेला आहे, बाकी ती साफ आहे.

आता खरा सामना. थर्मोस्टॅटचे अंग अॅल्युमिनियमचे, त्यावर चढलेले मोठे नट पोलादी. चाळीस हिवाळे रस्त्यावरचे मीठ आणि ओल यांनी मिळून या दोन धातूंना एकमेकांत खाऊन टाकले आहे. नटाला ३६ मिलिमीटरचा पाना लागतो. मी थर्मोस्टॅटच्या बाजूला दुसरा पाना घट्ट धरते, म्हणजे पिळाचा ताण त्या मऊ धातूवर येणार नाही. गंज सोडवणारे द्रव आदल्या रात्रीपासून मुरलेले आहे. हॉट एअर गनने नट तापतो, पुन्हा द्रव, पुन्हा पाना. टाकीकडचे दोन नट करकरत सुटतात. कूलरकडचा एकही जागचा हलत नाही.

आणखी लांब दांडा लावून जोर करायचा मोह इथेच होतो. ते पाना खाली ठेवतात. “जोर केला तर नट फिरेल,” ते म्हणतात, “पण आटे घेऊन फिरेल. नळी नवी मिळते, बनवूनही घेता येते. थर्मोस्टॅट महाग आहे, आणि आटे गेले की तो संपला.” मग निर्णय होतो, की नळीचा आणि नटाचा बळी द्यायचा.

नातीला बाहेर पाठवले जाते. आसपासचे ऑइल पुसून घेतात, आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी येतो, ओले फडके नळीवर पडते. बारीक चकतीच्या कटरने ते नटावर उभी चीर पाडू लागतात. ठिणग्या उडतात. दर काही क्षणांनी ते थांबतात, चष्मा वर करून चिरेत डोकावतात, कारण नटाचे लोखंड कापायचे आहे आणि खालच्या आट्यांना धक्काही लावायचा नाही. शेवटचा पापुद्रा ते कापत नाहीत. चिरेत छिन्नी ठेवून हातोडीचा एक बेताचा घाव घालतात. टक् असा आवाज होतो आणि नट शेंगेसारखा उकलतो. खाली अॅल्युमिनियमचे आटे पांढऱ्या भुकटीने माखलेले, पण अखंड. दुसरा नटही तसाच निघतो. ते ब्रशने आटे घासतात, त्यावर नवा नट हाताने फिरवून पाहतात. बोटांच्या जोराने तो शेवटपर्यंत जातो. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मला स्पष्ट दिसते, आणि माझ्याही छातीवरचे दडपण उतरते.

दुपारी काम अंगणात येते. थर्मोस्टॅटचा आतला भाग पातेल्यातल्या पाण्यात बुडवून शेगडीवर ठेवला आहे. नात थर्मामीटर धरून आकडे मोठ्याने वाचते. ऐंशीच्या पुढे दोघेही वाकून बघतात. आकडा ८४ वर येतो आणि दांडी सरकू लागते. हा भाग जिवंत आहे.

पुढचा कूलर बाहेर काढल्यावर त्याच्या पात्यांमध्ये वाळलेली पाने, किडे आणि रस्त्याची माती थापून बसलेली दिसते. हवा त्यातून जाणार कशी? बाहेरून तो धुतला जातो. आतून मात्र साफसफाई उलट्या दिशेने होते, ऑइल जिथून बाहेर पडते त्या तोंडातून पातळ द्रावण ओतायचे, हलवायचे आणि पांढऱ्या फडक्यातून बादलीत गाळायचे. पहिल्या खेपेला फडके काळे, त्यावर बारीक कचरा. मग पुन्हा ओतणे, पुन्हा गाळणे. फडक्यावर काहीच उरत नाही तोवर हे चालते. ऑइलच्या मार्गात कूलर ही सर्वांत धोक्याची जागा आहे, कारण कधीकाळी इंजिनात काही तुटले असेल तर त्याचे कण इथे लपून राहतात आणि दुरुस्त केलेल्या इंजिनात पुन्हा शिरतात. इंजिनावर हजारो युरो खर्च करून कूलर न धुणाऱ्यांच्या गोष्टी त्यांना पाठ आहेत.

पुढच्या शनिवारी नळ्या तयार होऊन आल्या आहेत. शेतीयंत्रांच्या हायड्रॉलिक नळ्या बनवणाऱ्या गावातल्याच दुकानाने धातूच्या टोकांवर नवी रबरी नळी दाबून बसवून दिली आहे. जोडणी सुरू होते. प्रत्येक आट्यावर नट जाम होऊ न देणारी पेस्ट, प्रत्येक सांध्याला नवी रिंग, आणि प्रत्येक नट आधी हातानेच. रिकाम्या नळीच्या तोंडाला शेवटच्या क्षणापर्यंत प्लास्टिकची टोपी. नवा फिल्टर चढतो. टाकीत २०डब्ल्यू-५० ऑइल ओतले जाते.

गाडी चाकांवर उतरून अंगणातल्या सपाट जागेवर येते. पण किल्ली फिरवून लगेच चालू करायची नाही. इग्निशनच्या डब्याची जोडणी काढलेली आहे, पेट्रोल पंपाचा रिलेही. स्टार्टर नुसताच इंजिन फिरवतो. थोडे थांबून पुन्हा. सगळ्यांची नजर दाबाच्या काट्यावर. कोरड्या नळ्या भरेपर्यंत बेअरिंगवर स्फोटाचा भार पडू नये, एवढ्याचसाठी हा संयम. काटा थरथरतो, उठतो, दाबाचा दिवा विझतो. तेव्हा कुठे जोडण्या परत बसतात आणि इंजिन खरखरत जागे होते.

नात गाडीखाली बॅटरी मारून एकेक सांधा बोलत जाते, “कोरडा. कोरडा. कोरडा.” इंजिन तापते. आजोबा माझा हात धरून पुढच्या नळीजवळ नेतात. नळी अजून गार आहे. काही मिनिटांनी ती एकाएकी गरम होते, हात ठेववत नाही. थर्मोस्टॅट उघडला, ऑइल पुढे पोचले. कूलर भरल्याने टाकीतली पातळी खाली जाते, म्हणून आणखी ऑइल पडते. पातळी मोजायची तीही इंजिन गरम असताना, सपाट जागी आणि चालू ठेवून, कारण इंजिन बंद केले की टाकीतले काही ऑइल खाली उतरते आणि पट्टी खोटे सांगते. ते हळूहळू इंजिनाचा वेग वाढवतात. दर हजार फेऱ्यांमागे साधारण ०.७ बार, हा जुना ठोकताळा काटा पाळतो आहे.

जुने ऑइल डब्यांत भरून तयार आहे. ज्या दुकानातून नवे घेतले त्याने तेवढेच जुने परत घ्यावे असा इथला कायदा आहे, आणि आजोबा पावती जपून ठेवतात.

घरच्या घरी असे काम करता येते. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत, लागतो रस्ता समजून घेण्याचा वेळ, स्वच्छता, आणि कोणता भाग वाचवायचा व कोणता गमवायचा हे जोर करण्याआधी ठरवण्याची शिस्त. आपल्याकडे वाड्यांत, शेडमध्ये, बंगल्यांच्या मागे कितीतरी जुन्या फियाट झाकून ठेवलेल्या आहेत. त्यातली एखादी तुमची असेल, तर ‘बघू चालू होते का’ म्हणून स्टार्टर मारू नका. आधी जुने ऑइल पूर्ण काढा, जाळी धुवा, नवे ऑइल भरा, प्लग काढून इंजिन हलकेच फिरवा, आणि मगच ते चालू करा.