घोड्याचे पाय काय सांगतात?

पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. हा 'नियम' तुम्हीही ऐकला असेल. तो खरा नाही!

माद्रिदच्या प्लाझा दे ओरिएंते चौकातला स्पेनचा राजा चौथा फिलिप बघा. पिएत्रो ताक्का या शिल्पकाराने 1640 मध्ये पूर्ण केलेला हा घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा आहे, पण राजा 1665 मध्ये आजारपणात वारला. टनावारी ब्राँझ मागच्या दोन पायांवर तोलायचं कसं? पुढचा भाग पोकळ, मागचा भरीव आणि शेपटीचा टेकू. गॅलिलिओचा सल्ला घेतल्याचंही सांगतात. मला तर हा घोडा म्हणजे धातूत ओतलेलं गणितच वाटतं.

मग अर्थ काय? उधळू पाहणारा घोडा म्हणजे राज्य, आणि राजा ते लगामावर सहज पेलतो.

आता मुंबई. काळा घोडा चौकातल्या पुतळ्याचा मूळ स्वार ब्रिटनचा सातवा एडवर्ड. तो पुतळा 1965 मध्ये राणीच्या बागेत गेला, नाव मात्र चौकातच राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वाराविना. लगाम धरणारं कुणीच नाही!