जुनं मशीन दमदार, नवं पोकळ?

माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो, लातूरच्या सिद्धेश्वराची असो की एखाद्या वाडीतला हरिनाम सप्ताह, साउंडचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "जुन्या मशीनची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची, सर नव्याला नाही. तेव्हा आवाज शिवेपर्यंत जायचा." अनुभव खरा आहे, पण श्रेय चुकीच्या वस्तूला मिळतं.

शिवेपर्यंत आवाज न्यायचा तो भोंगा. एक वॅटवर, एक मीटर अंतरावर भोंगा साधारण १०५ ते ११० डेसिबल देतो, पेटीतला स्पीकर ९०च्या आसपास. फरक १५ डेसिबलचाच धरला, तरी भोंग्याचं १० वॅटचं काम करायला पेटीला ३००हून अधिक वॅट लागतात. भोंग्याच्या या जोराची किंमतही मोजावी लागते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो घुमारा आणतात, तो भोंग्यातून जवळपास येतच नाही.

दुसरं कारण वायरीचं. जुन्या मशीनला १०० व्होल्टची लाइन असायची आणि प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर. त्या लाइनवर १०० वॅट पोचवायला एक अँपिअर पुरतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यासाठीच साडेतीन अँपिअर लागतात. वायरीतली घट करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत बारापट नुकसान. आज ८ ओहमवर बारीक वायर पार वेशीपर्यंत ओढतात आणि शिव्या मशीनला देतात! १०० व्होल्ट लाइनची नवी मशीनही मिळतात, तीच मागावीत.

वजनाचंही तसंच. जुनं मशीन दोघांनी उचलावं लागायचं ते ५० हर्ट्झवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंड-तांब्यामुळे. नव्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) हजारो हर्ट्झवर काम चालतं, म्हणून छोट्या ट्रान्सफॉर्मरवर भागतं. त्यात अ‍ॅम्प्लिफायर क्लास-डी प्रकारचा असेल तर घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या आसपास स्पीकरला मिळते. जनरेटरवर कार्यक्रम करणाऱ्याला हा फरक डिझेलमध्ये दिसतो.

"खेड्यातली वीज नव्याला मानवत नाही" हे अर्धंच खरं. दाब २३०वरून १८०वर आला तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची ताकद सुमारे ४० टक्के घटते. चांगला एसएमपीएस मात्र ते सांभाळून घेतो. वीज परत येतानाचा झटका मात्र त्याला भोवतो, म्हणून संरक्षण हवंच.

वॉल्व्हच्या जुन्या मशीनचा गोडवा? तो वॉल्व्हने मूळ आवाजात घातलेली भर असते. आवडला तर जरूर ऐका, पण त्याला शुद्ध म्हणू नका. आणि दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे, फक्त ३ डेसिबल जास्त. पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, आकडे तर सरळ सोडून द्यावेत, आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा, विचारावा.

एका बाबतीत जुनं निर्विवाद सरस आहे: दुरुस्ती. २एन३०५५ ट्रान्झिस्टर तालुक्याचा मेकॅनिकही बदलतो. नव्यात बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. जुन्याचा शत्रू आपला उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मशीनचं काय होत असेल ते सांगायला नको. जुनं मशीन सतत 'घूं' करत असेल, तर बहुतेक वेळा फिल्टरचे कंडेन्सर सुकलेले असतात. सप्ताह समित्यांना एवढंच सांगणं आहे: भंगारात घालण्याआधी ते कंडेन्सर बदलून बघा, आणि वाचलेले पैसे चांगल्या माइकवर व जाड वायरीवर घाला.