सोळाव्या वर्षी स्कूटी: कायद्यात नेमकं काय आहे?

दहावीचा निकाल लागला की हे वाक्य हमखास कानावर पडतं: "सोळा पूर्ण झाली ना? मग गिअर नसलेली गाडी चालते." बोलणारी माणसं अडाणी नसतात; शिक्षक असतात, डॉक्टर असतात. लातूरच्या ट्यूशन एरियात क्लास चालू असताना बाहेर स्कूटींच्या ज्या रांगा लागतात, त्यातल्या बऱ्याचशा याच वाक्याच्या भरवशावर.

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर ते मरत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 4 प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी चालवायला 18 वर्षं पूर्ण लागतात. 16 पूर्ण झालेल्यांना सवलत आहे ती 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीची. तिथे मोजमाप इंजिनाचं आहे. गिअरचा उल्लेखसुद्धा नाही.

मग गिअर आला कुठून? निदान काही अंशी, बहुधा लूनामधून. पुण्याच्या कायनेटिकची 1972 साली आलेली लूना 50 सीसीची, आणि तिला गिअर नव्हते. लूना गेली, पण "गिअर नाही म्हणजे लहान गाडी" ही समजूत पालकांच्या डोक्यात राहिली. आजची अ‍ॅक्टिव्हा 109 सीसीच्या वर आहे, अ‍ॅक्सेस 124 च्या घरात. मोपेड म्हणून विकली जाणारी एक्सएल 100 सुद्धा 99.7 सीसीची. पेट्रोलवरची 50 सीसी नवी गाडी आता शोरूममध्ये मिळतच नाही; सवलत तेवढी पुस्तकात शिल्लक आहे. खोटं वाटत असेल तर घरातल्या गाडीचं आरसी काढून बघा, सीसी त्यावरच छापलेले असतात.

"पण शेजारच्या मुलीला सोळाव्या वर्षी लायसन मिळालंय!" मिळतं, पालकांच्या संमतीने. ते असतं 50 सीसीपुरतं. ते खिशात ठेवून 110 सीसीची गाडी चालवली तर कायद्याच्या लेखी लायसन नसल्यातच जमा.

"पकडलं तर पावती फाडू" हा यापुढचा भ्रम. 1 सप्टेंबर 2019 पासून कलम 199अ लागू आहे. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर दोषी धरला जातो तो पालक किंवा गाडीचा मालक: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. यासाठी अपघातच व्हायला हवा असं नाही, परवानगी नसलेली गाडी चालवणं हाच गुन्हा आहे. "मला न विचारता नेली" हे पालकाने सिद्ध करायचं असतं. न्यायालय सुरुवात करतं ती पालकाची संमती गृहीत धरूनच. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोघे गेले आणि आरोपी मुलाला 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र संतापला. संतापणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी पोराच्या हातात स्कूटीची किल्ली दिली असेल, हे विचारलं की मात्र लोक विषय बदलतात.

"आमचा मुलगा छान चालवतो." तोल सांभाळणं आठवड्यात जमतं. गल्लीतून पुढच्या क्षणी काय बाहेर येईल याचा अंदाज यायला वर्षं जातात. मागे मित्र बसले की तो अंदाज आणखी बिघडतो. 16-17 वर्षांच्या कारचालकांवरच्या अमेरिकी अभ्यासांत सोबतच्या प्रवाशांबरोबर मृत्यूचा धोका वाढत गेलेला दिसला. आपल्याकडची ट्रिपल सीट तर मुळातच बेकायदा आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. गल्लीतली गाडी: लोकांना जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिकच, गल्लीसुद्धा. ई-स्कूटर: ताशी 25 किलोमीटर आणि 250 वॅट यांच्या आतली असेल तरच लायसन माफ, नंबरप्लेट आहे म्हणजे लायसन हवं. लर्निंग लायसन: त्यावर एकट्याने हिंडता येत नाही. हेल्मेट: मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं, रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 जण देशात मेले. विमा: तिसऱ्या व्यक्तीला कंपनी भरपाई देते खरी, पण ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मालकाला न विचारता अल्पवयीन नातेवाइकाने गाडी नेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ही वसुली मान्य केली आहे.

क्लासवाले प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेची झेरॉक्स घेतातच. पार्किंगसाठी लायसनची मागायला काय हरकत आहे?