पॉइंटवरचे तिकीट आणि टाळेबंदी

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधून परदेशी मुलाबाळांकडे जायचे, तर बहुधा बंगळूरचा विमानतळ गाठावा लागतो. विमान कंपनीच्या योजनेत साठवलेल्या पॉइंटवर असे तिकीट काढलेल्यांची कोरोनाच्या टाळेबंदीत पंचाईत झाली. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत उड्डाणे थांबली, ती २५ मे रोजी मर्यादित प्रमाणात सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा मात्र थेट २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली.

पॉइंटच्या तिकिटाचे दोन भाग असतात. भाडे पॉइंटमधून जाते. कर आणि शुल्क सहसा पैशांत भरावे लागतात. म्हणून रद्द केल्यावर पॉइंट खात्यात परतले का आणि भरलेले पैसे कार्डावर जमा झाले का, हे वेगवेगळे तपासावे.

तारीख बदलणेही सोपे नसते. विमानात जागा असली, तरी पॉइंटसाठी राखलेली जागा शिल्लक असेलच असे नाही. उड्डाण भागीदार कंपनीचे असेल, तर बदल सहसा ज्या कंपनीच्या योजनेतून तिकीट काढले तिच्याकडेच करावा लागतो.

उड्डाण कंपनीने रद्द केले, की आपण, यावर दंड ठरतो. त्यामुळे कंपनीचा निर्णय जवळ आला असेल, तर घाई करू नये. मात्र काहीच न कळवता गैरहजर राहणे सर्वांत महागात पडते.

सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी टाळेबंदीतील तिकिटांच्या परताव्याचे नियम मान्य केले. परत आलेल्या पॉइंटांची मुदत मात्र योजनेच्या नियमांतच पाहावी.