धनुष्यातलं एसओएम

धनुष्याच्या बाहूला आर्चरीत ‘लिंब’ म्हणतात (सरबतातलं नव्हे!). हाताने बनवलेल्या लिंबात मेपल किंवा बांबूचा गाभा आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासची पट्टी असते. का? दोरी ओढली की पुढची बाजू ताणली जाते, आपल्याकडची दाबली जाते. मधोमध, न्यूट्रल अ‍ॅक्सिसवर, बेंडिंग स्ट्रेस शून्य! म्हणून महागडा कार्बन ऐन मध्यावर घातला, तर पैसे जवळजवळ वाया. कार्बनचे धागे काचेच्या धाग्यांपेक्षा तिपटीने कडक आणि वजनाला हलके. ते पृष्ठभागाजवळ सरळ लावले, तर लिंब पातळ, हलका होतो आणि बाण वेगात सुटतो. लिंब पिळवटला तर दोरी निसटू शकते. त्यासाठी 45 अंशांत तिरके धागे काचेखाली, दोन्ही अंगांना लावा. आणि हो, घासताना मास्क हवाच!