सूरज हैदराबादचा, सिराजही हैदराबादचा

हैदराबाद : मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे शहर कधी परमुलूख वाटले नाही, एके काळी त्यांची राजधानीच ही होती. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाची ओळख मात्र बिर्याणी, चारमिनार आणि हायटेक सिटीवर संपते. म्हणून या खेपेला इथल्या एका वेगळ्याच धंद्याविषयी लिहितो. हैदराबाद हे कार्टूनचे शहर आहे. तुमच्या नातवंडांनी जेवताना पाहिलेला छोटा भीम इथलाच. राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने तो २००८ साली पोगोवर आणला. डीक्यू एंटरटेनमेंटही इथलीच. तिचा बराचसा धंदा परदेशी कंपन्यांबरोबरचा होता, त्यामुळे तिचे काम जगाने पाहिले आणि नाव फारसे कुणी वाचले नाही.

हायटेक्सला कॉमिक कॉन भरते तेव्हा ‘हायक्यू’मधल्या कारासुनो संघाची काळी जर्सी घालून कॉलेजची पोरे-पोरी रांगेत उभी असतात. व्हॉलीबॉलवरचा हा जपानी मांगा म्हणजे चित्रकथा २०१२ ते २०२० या काळात चालली, ४५ खंड झाले. बॉक्सिंगवरचा ‘हाजिमे नो इप्पो’ तर १९८९ पासून सुरू आहे. या पोरांना सगळे तोंडपाठ असते. या सगळ्या मांगांच्या आजोबाचा भारतीय अवतार आपल्याच शहरातल्या कंपनीने घडवला, हे मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्या आजोबाचे नाव ‘क्योजिन नो होशी’. लेखक इक्की काजिवारा, चित्रकार नोबोरू कावासाकी. १९६६ ते १९७१ अशी पाच वर्षे तो कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात छापून येत होता. १९६८ पासून टीव्हीवरही आला आणि त्याचे १८२ भाग झाले. गोष्ट बेसबॉलची. युद्धात खांदा गमावलेला इत्तेत्सू होशी हा खेळाडू आपले मोडलेले स्वप्न ह्यूमा या मुलावर लादतो. शाळकरी पोराच्या अंगाला स्प्रिंगांचा साज बांधतो. जेवताना, लिहिताना, झोपताना तो काढायचा नाही. हात हलवला की स्प्रिंगा ओढणार. आपल्याकडे आचरेकर सरांनी स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवल्याची गोष्ट घरोघरी सांगतात. इत्तेत्सूच्या शिकवणीत ते नाणे नाही.

कोदान्शातले संपादक योशिआकी कोगा यांना ही कथा भारतात आणावीशी वाटली. गल्लीबोळांत क्रिकेट खेळणारी आपली पोरे त्यांनी पाहिली होती, आणि साठच्या दशकातला वर चढणारा जपान त्यांना आजच्या भारतात दिसत होता. जपानची ॲनिमेशन कंपनी टीएमएस आणि हैदराबादची डीक्यू यांनी मिळून बेसबॉलचे क्रिकेट केले, तोक्योची मुंबई केली आणि ह्यूमाचा सूरज. ‘सूरज : द रायझिंग स्टार’ २३ डिसेंबर २०१२ रोजी कलर्सवर सुरू झाली. त्याच दिवशी सचिनने एकदिवसीय सामन्यांतून निवृत्ती जाहीर केली. असला योग काजिवारांनी कथेत घातला असता तर वाचकांनी तो हसण्यावारी नेला असता.

मूळ मांगाची ताकद सांगायला हवी, कारण ती आपल्या क्रीडाकथांत अभावानेच सापडते. पहिली म्हणजे सवड. चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला अख्खा भाग लागतो, अशी या मालिकेची जपानात आजही थट्टा होते. पण त्या एका चेंडूत गोलंदाजाची भीती, समोरच्याची तयारी, बापाची नजर असे सगळे मावते. दुसरी, खरी माणसे. ह्यूमाच्या योमिउरी जायंट्स संघाने १९६५ पासून ओळीने नऊ वर्षे जपान सीरीज जिंकली, आणि मांगा त्याच वर्षांत छापला जात होता. नागाशिमा, ओह, प्रशिक्षक कावाकामी हे आपापल्या नावाने कथेत वावरतात. वाचकाने काल मैदानात पाहिलेला ओह आज पानावर ह्यूमाशी बोलतो. आणि तिसरी, जी मला सर्वात मोठी वाटते, ती म्हणजे प्रतिस्पर्धी. मोटार कारखानदाराचा मुलगा हानागाता हा खलनायक नाही. ह्यूमाचा चेंडू फोडण्यासाठी तो लोखंडी बॅटने लोखंडी गोळे मारण्याचा सराव करतो आणि होमरन मारताना स्वतःचेच शरीर मोडून घेतो. आपल्याकडचा श्रीमंत प्रतिस्पर्धी एवढा घाम गाळत नाही. तो पंचाला पैसे चारतो.

खोट आहे ती याच ताकदीच्या पोटात. दर आठवड्याला चालवायची गोष्ट असल्याने पहिल्यापेक्षा दुसरा चेंडू अद्भुत हवा, तिसरा त्याहून. पहिला फलंदाजाच्या बॅटवर मुद्दाम आदळून त्याला बाद करतो, दुसरा दिसेनासा होतो, तिसरा बॅट टाळून जातो. खेळ कमी आणि मंत्र-तंत्र जास्त होत जाते. त्याची किंमत मोजते ते नायकाचे शरीर. शेवटच्या सामन्यात समोरच्या संघाचा प्रशिक्षक बापच आहे, फलंदाज जिवलग मित्र आहे, आणि निर्दोष सामना पुरा करणाऱ्या चेंडूबरोबर ह्यूमाचा डावा हात कायमचा जातो. अशा शेवटाला शोकांतिका म्हणून दाद देणाऱ्यांतला मी नाही. मला तो बापाचा गुन्हा वाटतो. कथा मात्र शेवटपर्यंत त्या बापापुढे हात जोडून उभी आहे. बहीण आकिको खांबाआड उभी राहून डोळे पुसते, याहून बाईमाणसाला फारसे काम नाही. इत्तेत्सू जेवणाचे बुटके टेबल उलथतो ते दृश्य जपानात म्हणीसारखे झाले आहे. मांगात ते एकदाच घडते, पण टीव्हीवर शेवटच्या नामावलीत दर आठवड्याला दिसल्याने बाप रोजच टेबल उलथत असे, अशी लोकांची समजूत झाली.

‘सूरज’ करताना ही खोट निर्मात्यांच्या ध्यानात आली, पण अर्धीच. स्प्रिंगांचा साज मुलाचा छळ वाटेल म्हणून सायकलच्या ट्यूब आल्या. अन्न उधळणे आपल्याकडे खपणार नाही म्हणून टेबलावरची ताटे गेली, पेये उरली. बापाचा हेका तसाच राहिला. सुझुकी, एएनए, डायकिन, निसिन आणि कॅम्लिन विकत घेतलेली कोकुयो असे जपानी प्रायोजक पाठीशी असल्याने त्यांच्या वस्तू चित्रांत डोकावत. झोपडपट्टीतल्या कथेत त्या जरा उपऱ्याच वाटतात. भाग २६. मूळ मालिकेच्या सातव्या हिश्शात पोरगा वाढायचा, हरायचा, उठायचा. सवड ही मांगाची पहिली ताकद, नेमकी तीच वगळली गेली. त्यात रविवार सकाळच्या त्याच प्रेक्षकाला इथल्याच छोट्या भीमाने सवय लावलेली : लाडू खाल्ला की ताकद आली. ट्यूब ओढून ताकद कमावणारा सूरज त्याच्यापुढे कसा टिकावा?

मला याहून मोठी चूक खेळाच्या बदलात दिसते. बेसबॉलचा पिचर मैदानाच्या मध्यावर उभा राहतो तो उभाच राहतो. प्रत्येक चेंडू त्याचा. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि फाइन लेगला जाऊन उभा राहतो. प्रेक्षक त्याच्या पाठीशी बोलतात, कधी शिव्या घालतात, तो घाम पुसतो, आणि नेमका तेव्हाच चेंडू त्याच्याकडे येतो. क्रिकेटची गोष्ट तिथे घडते. जपानी साच्यात ही जागाच नव्हती.

स्प्रिंगांच्या साजाचे सौम्य रूप पाहायचे तर गच्चीबावलीला यावे. गोपीचंद बॅडमिंटन अकादमीत २००८ पासून पहाटेच्या अंधारात सराव सुरू होतो. रिओ ऑलिंपिकच्या आधी तीन महिने पी. व्ही. सिंधूचा फोन गोपीचंद यांनी काढून घेतला होता, आइसक्रीमही बंद केले होते. अंतिम सामना झाल्यावर त्यांनीच हे हसत सांगितले. सिंधूचे वडील रमणा हे स्वतः व्हॉलीबॉलमधले अर्जुन पुरस्कारविजेते. म्हणजे खेळाडू बाप आणि कडक गुरू, दोन्ही हजर. इथल्या पालकांना ही कडकाई फार आवडते. रौप्यपदक आले नसते तर त्याच कडकाईला ते काय म्हणाले असते, हा प्रश्न मी इथे कुणाला विचारत नाही.

आणि मग भारताचा वेगवान गोलंदाज मोहम्मद सिराज. ‘सूरज’ मालिका सुरू झाली तेव्हा फर्स्ट लान्सरच्या बाजूला ईदगाहच्या मैदानावर टेनिस बॉलने खेळणारा हा अठरा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील मोहम्मद गौस रिक्षा चालवत. त्यांनी पोराला काही शिकवले नाही, काही बांधले नाही. पेट्रोलला पैसे तेवढे रोज दिले. नोव्हेंबर २०२० मध्ये सिराज ऑस्ट्रेलियात असताना ते गेले. तो परतला नाही, मेलबर्नला पहिली कसोटी खेळला, ब्रिस्बेनला डावात पाच बळी घेतले, आणि हैदराबादच्या विमानतळावरून थेट कबरीवर गेला.

२०२५ च्या ऑगस्टमधला ओव्हलचा भारत-इंग्लंड कसोटी सामना इथल्या चहाच्या टपऱ्यांवर अजून खेळला जातो. चौथ्या दिवशी हॅरी ब्रूक १९ वर असताना सिराजने सीमेवर त्याचा झेल घेतला, आणि एक पाय मागे गेला तो दोरीच्या गादीवर. झेलाचे सहा झाले, ब्रूकचे पुढे १११. हीच ती फाइन लेगकडची जागा. रात्रभर इंग्लंडला ३५ हवे आणि चार गडी बाकी, असे ठेवून सगळे झोपले. सिराजने म्हणे सकाळी उठून ‘बिलीव्ह’ लिहिलेले रोनाल्डोचे चित्र फोनच्या पडद्यावर लावले. मालिकेत तो पाचही कसोट्या खेळला, १८५ षटके आणि वर तीन चेंडू टाकले. त्यांतला शेवटचा यॉर्कर ॲटकिन्सनच्या स्टंपवर गेला तेव्हा भारत सहा धावांनी जिंकला होता.

दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा ख्रिस वोक्स उभा होता. निखळलेला खांदा, डावा हात झोळीत, बॅट एका हातात. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही. सकाळचा खेळ तासाभरात आटोपला. काजिवारांच्या हाती हा सामना लागता तर तो तास त्यांनी सहज दोन महिने पुरवला असता, वोक्सला स्ट्राइक नक्की दिली असती, आणि इंग्लंडच्या ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक म्हणून सिराजचा बाप बसवला असता.